पिंटोंचे बंड : पाद्री, पाव आणि फास

पिंटोंचे बंड म्हटले की आपण त्याला स्वातंत्र्यलढ्याच्या यादीत वरचा क्रमांक देऊन मोकळे होतो. मीही तेच करायचो. मग कुन्हा रिव्हाराने १८७५ मध्ये छापलेली या कटाची हकीकत वाचायला घेतली (पोर्तुगीज कोश मांडीवर ठेवून, यंत्राचं मॅन्युअल वाचावं तशी), आणि एका प्रश्नापाशी अडकलो. हत्या करू नको असं वेदीवरून सांगणारी माणसं सैनिकांच्या पावात विष घालण्यापर्यंत आलीच कशी?

आधी अन्याय बघू. पॉम्बालच्या काळात, १७६१ साली, लिस्बनने फर्मान काढलं : बाप्तिस्मा घेतलेली आशियातली प्रजा आणि पोर्तुगालमधली प्रजा एकाच दर्जाची. कागद उत्तम होता. पण गोव्यातले वरचे अधिकारी तो दाबून बसले. दिवाडीचे फादर जुझे आंतोनियु गोन्साल्विस आणि फादर कायतानु फ्रान्सिस्कु कौतु हे दोघे दाद मागायला लिस्बन-रोमपर्यंत गेले. रिकाम्या बिशपपदांवर आपलाही हक्क आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. हात हलवत परतावं लागलं. इकडे फौजेतल्या गोमंतकीय अधिकाऱ्यांचीही बढतीबद्दल तीच रड. देवापुढे सगळे सारखे असं शिकवणाऱ्या संस्थेतच कातडीचा रंग बघून खुर्ची मिळते, हा अपमान परक्या सरकारच्या जुलमापेक्षा खोल लागला असणार, असं मला वाटतं.

मग १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आसऱ्याने कट शिजला. विषाची गोष्ट आपल्याकडे येते ती सरकारी तपासाच्या कागदांतून, आणि कोठडीतल्या जबानीवर किती भरवसा ठेवायचा हे सांगायला नकोच. तरी बेत खरा धरला, तर मला तो पटत नाही. बिशपपद अडवलं कोणी, आणि पाव खाऊन मरणार कोण? पोटासाठी समुद्र ओलांडून आलेला साधा शिपाई! दाद मागायचे सगळे दरवाजे बंद झाले होते हे कबूल. पण त्या शिपायाच्या हातात त्यांतल्या एकाचीही किल्ली नव्हती.

कट फुटला. ४७ जण पकडले, त्यांत १७ पाद्री. १३ डिसेंबर १७८८ रोजी पणजीत पंधरा जणांना हाल करून फाशी दिलं, आणि हे पंधराही पाद्री नव्हते. पाद्र्यांना खटला न चालवताच लिस्बनला धाडलं. तिथे ते वर्षानुवर्षं कैदेत राहिले. ती शिक्षाही काही थोडी नव्हे. पण एकाच कटात पाद्र्याचा झगा अंगावर असलेला वाचला आणि लष्करी गणवेशातला लटकला, हे पिंटोंच्या बंडावरच्या भाषणांत मी तरी कधी ऐकलेलं नाही.

गोन्साल्विस हाती लागलेच नाहीत. ते इंग्रजी मुलखात निसटले आणि पुढे कलकत्त्यात इंग्रजी शिकवून पोट भरत राहिले.