घास अडतो तेव्हा मानेला विचारा

भोसरीत मान म्हटलं की आधी तालीम आठवते. गावाच्या शिवारात एमआयडीसीच्या शेड उभ्या राहिल्या, नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागल्या, तरी कुस्तीचा नाद गेला नाही. पैलवान पूल घालतो, डोकं जमिनीला टेकवून सगळं अंग मानेवर तोलतो आणि हळूहळू त्याची मान जाड होत जाते. याच गावात दुसरीही एक मान आहे. लेथवर, प्रेसवर, पॅकिंगच्या टेबलावर पाळीच्या पाळी खाली वाकलेली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्यानंतरच्या वर्षांत गाव सोडून या पट्ट्यात आलेले तरुण कामगार आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

या वयात मान दुखते, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण काहींना भाकरीचा घास घशाशी अडतो, पाणी पिताना ठसका लागतो. घरचे म्हणतात, सावकाश खा. मेडिकलवाला ॲसिडिटीची गोळी देतो. मग माणूस आधी भाकरी सोडतो, नंतर पंगत टाळतो. लग्नात ताटावर बसायची वेळ आली की म्हणतो, ‘घरून जेवून आलोय.’ मानेचा आणि घासाचा काही संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वैद्यकशास्त्राच्याही ते उशिराच ध्यानात आलं.

मुळात गिळणं दिसत नाही. घास घशातून अन्ननलिकेत उतरायला जेमतेम एक सेकंद लागतो. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने एका हंसाला बिस्मथ घातलेलं खाणं दिलं आणि त्या लांब मानेतून घास खाली सरकताना पाहिला. गिळण्याची क्रिया जिवंत प्राण्यात चालू असताना पाहता येते, हे तेव्हा कळलं.

आता कंठमण्यावर बोट ठेवून एकदा आवंढा गिळा. कंठमणी वर जाऊन खाली येतो. हनुवटीखाली, जिभेच्या बुडाशी, घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड आहे. ते दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नाही, नुसतं स्नायूंवर आणि स्नायुबंधांवर टांगलेलं आहे. गिळताना हनुवटीखालचे स्नायू त्याला वर आणि पुढे ओढतात. त्याच्याबरोबर स्वरयंत्र उचललं जातं, श्वासाची वाट झाकली जाते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे स्नायू दुबळे झाले की दार अर्धवट उघडतं. मागे राहिलेला घास मग श्वासनलिकेकडे घसरू शकतो, आणि तो फुप्फुसात गेला तर न्यूमोनियाची भीती असते.

या सगळ्याच्या पाठीला टेकून मानेचे मणके आहेत. १९५० मध्ये फ्रान्सच्या जाक फॉरेस्तिए आणि त्यांचे सहकारी रोतेस-केरोल यांनी म्हातारपणी मणक्यांच्या पुढच्या बाजूला हाड वाढत जाणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. मानेत असं हाड वाढलं तर कधीकधी ते अन्ननलिकेला मागून दाबतं. त्याच दशकात मानेची गादी पुढच्या बाजूने काढण्याची शस्त्रक्रिया रुळली. तिच्यात अन्ननलिका बाजूला सारून मणक्यापर्यंत जावं लागतं. त्यामुळे नंतर काही दिवस किंवा आठवडे गिळायला त्रास होणं नेहमीचं असतं. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो.

व्यायामाचा विचार मात्र सर्जनच्या टेबलावरून आला नाही. अमेरिकेतल्या जेरी लोगमन या वाचा-उपचार तज्ज्ञ होत्या. रुग्णाला बेरियम मिसळलेले पातळ-घट्ट घास देऊन, क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात घास नेमका कुठे चुकतो हे पाहायची पद्धत त्यांनी रुजवली. १९८३ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. दोष दिसू लागला, तसा तो सुधारण्याचा विचारही सुरू झाला.

१९९७ मध्ये मिलवॉकीच्या रझा शेकर यांनी एक साधा व्यायाम मांडला. उताणं झोपायचं. खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाच्या बोटांकडे पाहायचं. एक मिनिट धरायचं, एक मिनिट विसावा, असं तीनदा. मग तीस वेळा नुसती वर-खाली. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. २००२ मध्ये त्यांच्या गटाने नळीने अन्न घेणाऱ्या २७ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. या व्यायामानंतर ते पुन्हा तोंडाने खाऊ लागले होते. पैलवानाच्या पुलाने मुख्यतः मानेमागचे स्नायू कमावले जातात. इथे कामाला लागतात ते पुढचे, हनुवटीखालचे.

अडचण अशी की ज्याची मानच दुखते त्याला डोकं मिनिटभर उचलून धरणं अवघड, कधी धोक्याचंही. २०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी दुसरा मार्ग सुचवला. बसून हनुवटीखाली हवेचा रबरी चेंडू धरायचा आणि हनुवटीने तो दाबायचा. निरोगी माणसांवर मोजलं तेव्हा हनुवटीखालचे स्नायू चांगले कामाला लागले आणि श्रमही कमी वाटले.

हे वाचून कुणाला जालंधर बंध आठवेल. हनुवटी छातीकडे नेण्याचा हा बंध हठयोगप्रदीपिकेत आहे, आणि इथून तासा-दीड तासावर लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. पण तो बंध श्वास रोखण्यासाठी आहे. त्यात चेंडूचा विरोध नाही, घासाचा विचारही नाही. ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ म्हणून तो घास अडणाऱ्या माणसाच्या गळ्यात मारू नये.

व्यायामाने वाढलेलं हाड विरघळत नाही. अभ्यासही मुख्यतः पक्षाघाताच्या रुग्णांवर झाले आहेत, मानेच्या रुग्णांवर थोडे. म्हणून आधी कारण शोधायला हवं. वजन उतरत असेल, त्रास वाढत असेल, हातापायांत मुंग्या किंवा ताकद कमी वाटत असेल, तर व्हिडिओ पाहून व्यायाम सुरू करू नये.

मग जायचं कुणाकडे? पोलिओच्या साथीनंतर १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली, आणि ‘व्यायामाचे डॉक्टर’ लोकांच्या ओळखीचे झाले. गिळण्याचा व्यायाम शिकवणारे वाचा-उपचार तज्ज्ञ मात्र वेगळ्या दाराने आले. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये कर्णबधिरांसाठी सुरू झाली. त्यामुळे ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हणजे न बोलणाऱ्या मुलांसाठी, असंच लोकांच्या मनात बसलं. घास अडणारा म्हातारा त्यांच्याकडे कशाला जाईल? व्यायामाला लागतो एक चेंडू, पण तो कुणी शिकवायचा हे त्या नावावरून कळत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाला ‘गिळण्याची तपासणी करता का, स्पीच थेरपिस्टकडे पाठवता का’ एवढं विचारलं तरी वाट सापडू शकते.

घरात कुणी अचानक भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागलं, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा. ठसका लागतो का? आणि मान कशी आहे?