भांडुपचा पाऊस कुणी मोजायचा?

मुंबईचा पाऊस म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ, असा हिशेब कित्येक वर्षं चालला. बातम्यांत दोनच आकडे यायचे. भांडुप-मुलुंडच्या माणसाने त्यांतून आपला अंदाज बांधायचा.

२६ जुलै २००५ ला हा हिशेब कोलमडला. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला जेमतेम ७३. भांडुपच्या डोंगरापलीकडे, १८६० साली पुऱ्या झालेल्या विहार तलावावर तर १,०४९ मिलिमीटरची नोंद झाली. तलावावरचा पाऊस मोजायचा तो शहराला पाणी पुरेल का हे पाहण्यासाठी. खाली लालबहादूर शास्त्री मार्गावर काय होईल, हा प्रश्न त्या आकड्याला कुणी विचारत नव्हतं.

त्या दिवशीच्या पुराची चौकशी माधव चितळे समितीने केली. आयआयटी मुंबईच्या कपिल गुप्ता यांच्या सल्ल्यावरून महापालिकेने जून २००६ मध्ये ३५ स्वयंचलित केंद्रं उभारली, बहुतेक अग्निशमन केंद्रांच्या गच्चीवर. जागा अगदी अचूक निवडल्या. तिथे रात्रंदिवस कुणीतरी जागं असतं! आता दर पंधरा मिनिटांनी आकडा येऊ लागला.

पण किती पडलं यावरून किती साचलं ते कळत नाही. ते नाला, उतार आणि भरतीवर ठरतं. पवईच्या आयआयटीत जलविज्ञान शिकायला आलेल्या संशोधक विद्यार्थ्याची वाट इथे समीकरणांकडून माणसांकडे वळते. तिथल्याच सुबिमल घोष यांच्या गटाने २०२४ मध्ये आणलेल्या ‘मुंबई फ्लड’ या संकेतस्थळावर आणि अॅपवर लोकांनीच सांगायचं: पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत? सोबत स्वतःची उंचीही, कारण प्रत्येकाचा गुडघा वेगळ्या उंचीवर.

मात्र ही मापं सखल भागाची. भांडुप पश्चिमेला खिंडीपाड्यासारख्या चढणीवरच्या वस्त्यांत पाणी साचत नाही, माती घेऊन खाली धावतं. १८ जुलै २०२१ च्या पहाटे भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शिरलं आणि शहरातल्या मोठ्या भागाचे नळ कोरडे पडले. त्याच रात्री विक्रोळी आणि चेंबूरला उतारावरची घरं गाडली गेली. तिथे गुडघा मोजून काय उपयोग? अशा वस्तीची नोंद करायची तर चढण चढून तिथल्या बायकांनाच विचारायला हवं, की कोणत्या भिंतीमागून गढूळ पाणी झिरपतं आणि ते कधीपासून.