विटाळाकडून विद्येकडे
रुग्णाचे अंग पुसणे, बेडपॅन (अंथरुणातच मलमूत्रविसर्जनासाठी द्यावयाचे भांडे) देणे व गुप्तांगांची स्वच्छता राखणे या कामांना शिस्तबद्ध विद्येचे रूप मिळू लागले ते १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिका-प्रशिक्षणशाळा निघाल्यानंतर. महाराष्ट्रात मात्र परक्याच्या मलमूत्राला हात लावणे सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे हीन मानले जाई. त्यामुळे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने, विधवांसह अनेक स्त्रियांसाठी ससून रुग्णालयातील परिचर्याशिक्षणाची वाट मोकळी केली, तेव्हा तो रूढीलाही छेद होता. या विद्येतील, पडदा ओढून, लागेल तेवढेच अंग उघडे ठेवून, स्त्रीरुग्णास पुढून मागे पुसण्याच्या रीतीत जंतुसंसर्ग टाळणे आणि रुग्णाची लाज राखणे ही दोन्ही कर्तव्ये एकत्र येतात.