फाइलसाठी डिस्कवरील जागेचे पूर्वआरक्षण

युनिक्स प्रकारच्या प्रणालींत फाइलमध्ये डेटा लिहिण्याआधीच तिच्यासाठी डिस्कवरील ब्लॉक राखून ठेवण्याची पद्धत. एरवी फाइल वाढेल तसे तिला ब्लॉक मिळत जातात. त्यामुळे डिस्क भरल्याचे मोठे लेखन निम्म्यावर आल्यावर कळू शकते. पूर्वआरक्षण केल्यास ही अडचण सुरुवातीलाच समोर येते आणि अर्धवट फाइल टळते.

आकार व जागा : फाइलचा आकार वाढवणे म्हणजे जागा राखणे नव्हे. एफट्रंकेट या फंक्शनने रिकाम्या फाइलचा आकार १ जीबी केला, तर ‘एलएस -एल’ ही कमांड तेवढाच आकार दाखवते. ‘डीयू’ मात्र जवळजवळ काहीच दाखवत नाही. अशा विरळ फाइलचा पोकळ भाग वाचल्यास शून्ये मिळतात, पण त्यामागे ब्लॉक नसतात. डेटाबेस व व्हर्च्युअल मशीन यांच्या फाइलींबाबत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

साधने : पॉझिक्स.१-२००१ मानकात पॉझिक्स_फॅलोकेट हे फंक्शन आहे. ते यशस्वी झाले, तर मागितलेल्या भागातील पुढचे लेखन जागेअभावी अडत नाही. अपयशाचा त्रुटिक्रमांक ते थेट परत देते, एरनो या चलात ठेवत नाही. म्हणून परत आलेली किंमत तपासलीच पाहिजे. लिनक्स कर्नलमध्ये फॅलोकेट हा सिस्टीम कॉल २.६.२३ या आवृत्तीत (२००७) आला. फाइलचा दिसणारा आकार न बदलता जागा राखण्याची सोय त्यात आहे. मॅकओएसवर हे काम एफसीएनटीएलच्या एफ_प्रीअ‍ॅलोकेट या पर्यायाने होते.

कार्यपद्धती : एक्सएफएस व ईएक्सटी४ या फाइल सिस्टीम सलग ब्लॉकांच्या पट्ट्यांची (एक्स्टेंट) नोंद ठेवतात. राखीव पट्ट्यावर ‘अलिखित’ अशी खूण असते व तो वाचल्यास शून्ये मिळतात. म्हणून प्रत्यक्ष शून्ये लिहावी लागत नाहीत आणि त्या ब्लॉकांतील जुना, पुसलेला डेटा उघडा पडत नाही. एकाच वेळी मोठी मागणी केल्याने सलग जागा मिळण्याची शक्यता वाढते. तशी हमी मात्र नसते. फाइल सिस्टीमचा आधार नसेल, तर जीलिबसी (लिनक्सवरील सी लायब्ररी) पॉझिक्स_फॅलोकेटसाठी प्रत्येक ब्लॉकला बाइट लिहून जागा मिळवते. मोठ्या फाइलला त्यात बराच वेळ जातो.

मर्यादा : झेडएफएस प्रत्येक बदल नव्या ब्लॉकांत लिहिते, तर बीटीआरएफएसमध्ये राखीव जागेतील लेखनाबाबतही स्नॅपशॉटनंतर तसे घडते. तेथे राखलेली जागा पुढील लेखनाची खात्री देत नाही. अंदाजापेक्षा कमी डेटा आला, तर उरलेली जागा फाइल छाटून मोकळी करणे ही प्रोग्रामची जबाबदारी असते.