गरोदरपणातील रक्तदाब आणि वारेतील जनुके
गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर रक्तदाब प्रथमच 140/90 किंवा वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. मीठ जास्त खाल्ले म्हणून झाले, असे घरचे म्हणतात. मूळ मात्र बहुधा वारेत असते. वारेला रक्त कमी पडले की तिच्या पेशींतील एफएलटी-1 हे जनुक जास्त सक्रिय होते. त्यातून बनणारे प्रथिन आईच्या रक्तात उतरते आणि रक्तवाहिन्या निरोगी ठेवणाऱ्या पीएलजीएफला अडकवून ठेवते. वाहिन्या आवळतात, मूत्रपिंड, यकृत, मेंदूवर ताण येतो. वार पडल्यावरच आजार ओसरतो, तोही लगेच नाही. बाळंतपणानंतरही रक्तदाब तपासत राहावा लागतो.

आपल्या बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की अनेकींची तपासणी मध्येच तुटते. तुम्ही जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. मागच्या खेपेला हा त्रास झाला असेल, तर तिसरा महिना संपताना कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनबद्दल डॉक्टरांना विचारा. स्वतःहून घेऊ नका. डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखले, तर उचल फिटायची आहे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.