भारत इतिहास संशोधक मंडळ : दान दप्तराचे आणि द्रव्याचे

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापिलेली संशोधनसंस्था. जुन्या घराण्यांनी स्वाधीन केलेली दप्तरे हा तिच्या संग्रहाचा मोठा आधार असून मोडी व फार्सीतील लाखो कागद तेथे जतन केलेले आहेत. वाड्याच्या माळ्यावरील रुमाल रद्दीत गेला, तर त्यातील नोंदी कायमच्या नष्ट होतात. मात्र कागद संस्थेत पोहोचल्यावरच खर्चास आरंभ होतो : कसर-वाळवीपासून संरक्षण, जीर्ण पत्रांची डागडुजी, सूचीकरण, मोडीवाचन. म्हणून दप्तर देणाऱ्याने त्याच्या जतनासाठी यथाशक्ती निधीही द्यावा, हे श्रेयस्कर. देणगी शक्यतो धनादेशाने देऊन पावती घ्यावी. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही.