चिमणीची गणना

अतिपरिचित पक्ष्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. नाशिकचे पर्यावरण-अभ्यासक मोहम्मद दिलावर यांच्या कार्याचे महत्त्व येथेच आहे. १९३० साली सालिम अली यांनी किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पुरे करतो आणि मग दुसरे आरंभितो, असे त्यांना आढळले. असे वर्तन एकाच्या चिकाटीने उलगडते. संख्येतील चढउतार मात्र अनेकांच्या नोंदींवाचून कळत नाही. दिलावर यांच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन पाळला गेला. पुढे नेहमीच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्यास नागरिकांना आवाहन झाले.

हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२० च्या देशव्यापी अहवालात चिमणी सुमारे पंचवीस वर्षे एकंदरीत स्थिर, पण मोठ्या शहरांत घटलेली दिसली. शहरवासीयांचा अनुभव खोटा नव्हता. तो साऱ्या देशास लागू करणे मात्र चुकीचे होते. विपुलतेच्या काळी कोणी मोजले असते, तर शहरांतील घट केव्हा आरंभली हेही सांगता आले असते. विपुल आहे तेच आधी मोजावे, हा या इतिहासाचा बोध होय.